शाईला पहिल्यांदा रक्त दिलं तेव्हा

१४ मार्च

खटपट्या,

तारीख बघितलीस ना? दर वर्षी या तारखेला माझं पत्र निघतं आणि दर वर्षी तुझं उत्तर येतं, "कशाला ताई, कशाला." तू म्हणत बस. मी लिहिणार. पाच वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी मी खुब्याचं ऑपरेशन करून काठी टेकत घरी आले आणि तासाभरानं तू शाईला गाडीतून उतरवलंस. दोन महिने सांभाळलंस तिला. जशी दिली तशी परत केलीस, मागच्या मांडीवर तारेचा एक ओरखडा तेवढा. अरे, माणूस कुणाकडे ठेवलं तरी इतकं धड परत मिळत नाही.

हॉस्पिटलात मी येईल त्या नर्सला सांगायची, "मला घाई नाही, शाईकडे बघायला माझा भाऊ आहे." शेवटी एकीनं विचारलं, "शाई म्हणजे सून का तुमची?" म्हटलं, सुनेची एवढी काळजी कोण करतं!

आता बातमी. मन घट्ट करून वाच. शाई पंधरा दिवस जेवणावरून उठून जात होती. डॉक्टरबाईंनी पोटाचा फोटो काढला, प्लीहेवर गाठ आहे. लिंबाएवढी. ती आत फुटली तर खेळ खलास, म्हणून प्लीहाच काढायची. ऑपरेशनात रक्त बरंच जाईल, तेव्हा दुसऱ्या कुत्र्याचं रक्त आधीच हाताशी हवं. डॉक्टरबाई वयानं लहान आहेत पण नजर बारीक. सतरा प्रश्न विचारले. कोणती औषधं चालू, पिल्लं झाली का, कधी रक्त चढवलंय का. म्हटलं, बाई, ओरखड्यापलीकडे हिला आयुष्यात काही झालेलं नाही.

तुला ठाऊक आहे, छापखान्यात तीस वर्षं मशीनशेजारी बसून माझे कान गेले. दार वाजलं की शाई येऊन पदर ओढते. दूध उतू जायला लागलं की ओढते. ती नसली तर मी या घरात भिंतीसारखी बसून राहीन. म्हणून भीती वाटते रे.

तुझी ताई

ता. क. फाटकाची कडी पुन्हा सैल झाली आहे. भाऊ कुलूपवाला आणि बहिणीचं फाटक सुतळीनं बांधलेलं. पाच वर्षांत एकदाही फिरकला नाहीस.


१९ मार्च

ताई,

पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं. तुझ्या वहिनीनं तिसऱ्यांदा वाचलं, तेही मोठ्यानं, माझ्याकडे बघत.

शाईचं कळलं. होईल बरी. दणकट आहे ती. तू रडत बसू नकोस, आणि त्या ओरखड्याचं एवढं कौतुक नको. इथं दुकानात गर्दी आहे. काल एक गृहस्थ आले, म्हणाले, किल्ली कुलपातच तुटली. जाऊन बघतो तर कुलूप शेजाऱ्याचं! पाऊण तास आम्ही दोघं शेजाऱ्याच्या दाराशी खटपट करत होतो आणि शेजारी मागं उभा राहून बघत होता.

एक विचारायचं होतं. रक्त देण्याआधी त्या दुसऱ्या कुत्र्याचं रक्त शाईच्या रक्तात थोडं मिसळून बघतात ना? बघतच असतील म्हणा. आपलं सहज विचारलं.

तुझा,
खटपट्या


२३ मार्च

खटपट्या,

तू कधीपासून डॉक्टर झालास? पण प्रश्न शहाण्यासारखा विचारलास, म्हणून मी जाऊन डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी पाटीवर लिहून मला समजावलं. ओरडण्यापेक्षा लिहिणं बरं, असं त्याच म्हणाल्या.

तर ऐक. माणसांचं ए, बी, ओ असतं, कुत्र्यांचं खातंच निराळं. त्यांच्यात डझनभर गट आहेत, आणि एकाच कुत्र्याच्या रक्तात त्यातले चारपाच एकदम नांदतात. सगळ्यांत महत्त्वाच्या गटाला डीईए वन म्हणतात. तो असतो किंवा नसतो. एका कार्डावर थेंब टाकला की कळतं. शाईच्या रक्तात तो नाही. आणि गंमत पुढेच आहे. माणसाला चुकीच्या गटाचं रक्त पहिल्याच वेळी दिलं तरी तो दगावू शकतो. कुत्र्याचं शरीर पहिल्या वेळी सहसा निमूट घेतं. पण घेतलेलं विसरत नाही. त्याच्याविरुद्ध आतल्या आत तयारी करून ठेवतं, आणि दुसऱ्यांदा तसलं रक्त आलं की तुटून पडतं. रक्ताचा चुराडा होतो, कुत्रं टेबलावरच जातं. म्हणून दुसरी वेळ असेल तर प्रत्येक रक्त मिसळून बघायचं. पहिली वेळ असेल तर कार्ड जुळलं की पुरे.

आपल्या शाईची पहिलीच वेळ. सुटलो!

रक्तही मिळालं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला आहे ना, त्याचा टोस्ट नावाचा तांबडा धिप्पाड कुत्रा आहे. बत्तीस किलो. त्याच्या रक्तातही तो डीईए वन नाही, म्हणजे कार्ड जुळलं. मी बेकरीवाल्याचा हात धरून उभीच राहिले. तो म्हणाला, "आजी, अर्धी बाटली रक्त आहे, दोन दिवसांत भरून निघेल."

ऑपरेशन ६ एप्रिलला. मी अर्जावर सही करून आले. त्यात छापलेलंच होतं, "यापूर्वी रक्त दिलेले नाही," त्यापुढे बरोबरची खूण केली. कागद वाया जाऊ नये म्हणून हे पत्र दवाखान्याच्याच एका जास्तीच्या कागदामागे लिहिते आहे.

तू तिला इतकं जपलंस म्हणून आज हे सोपं झालं. पुन्हा आभार. आणि म्हण आता, "कशाला ताई."

तुझी ताई


२७ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच.

शाईची ही पहिली वेळ नाही.

तू हॉस्पिटलात गेलीस त्याला आठवडा झाला होता. जाताना तू मला एकच गोष्ट बजावली होतीस, फाटकाची कडी. दुपारी जेवायला घरी आलो, हातात गिऱ्हाइकाचं कुलूप होतं, डोकं त्यात होतं. फाटक मागं ढकललं आणि आत गेलो. कडी लावली नाही. साऱ्या गावाची कुलपं मी नीट करतो आणि स्वतःच्या फाटकाची कडी लावली नाही. शाई बाहेर गेली आणि दुधाच्या गाडीखाली आली.

तो तारेचा ओरखडा नव्हता, ताई. मांडी उघडी पडली होती. मी तिला उचलून पळालो. दवाखान्यात पोचेपर्यंत माझा सदरा खालपर्यंत भिजला होता. तिथले म्हातारे डॉक्टर होते, ते आता गाव सोडून गेले, त्यांनी तिच्या हिरड्या बघितल्या, पांढऱ्या फटक. ते दारात जाऊन रस्त्यावर ओरडले, "मोठा, धडधाकट कुत्रा कुणाकडे आहे का?" समोरच्या गॅरेजमधून एक माणूस आला, हात ग्रीसनं काळे, बरोबर पिवळट रंगाचा थोराड कुत्रा. बोल्ट त्याचं नाव. बोल्ट टेबलावर आडवा झाला आणि हललासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, तपासायला वेळ नाही, पहिलीच वेळ आहे, बहुधा चालून जाईल. चाललं. तासाभरानं शाईनं शेपूट हलवलं. मी वळून बघतो तर गॅरेजवाला बोल्टला घेऊन निघून गेलेला.

तू परत येईपर्यंत केस आले, जखम भरली. तुला त्याच दिवशी सांगणार होतो. खरंच. पण शाईला उतरवल्याबरोबर तू माझे दोन्ही हात धरून रडायला लागलीस, आभार मानायला लागलीस, आणि माझ्या तोंडून निघालं, "तारेला लागलं जरा." मग दर वर्षी तुझं पत्र. दर वर्षी वाटायचं, या वेळी लिहावं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तुझ्याकडे आलो नाही तो त्याच कारणानं. आणि त्या गॅरेजवाल्याचे आभार मानायलाही गेलो नाही. गेलो असतो तर गोष्ट झाली असती, आणि गोष्ट झाली की ती फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली असती. पाच वर्षं मी ती गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं दुकानात जातो.

तुझं पत्र आलं तसा त्या कागदावरचा नंबर फिरवून मी डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "ताईला कळू देऊ नका, तुम्ही आपलं रक्त मिसळून बघा." त्या म्हणाल्या, "रक्त मी आजच बघते. पण अर्जावर सही त्यांची आहे. मी खोटं बोलणार नाही. तुम्ही लिहा, मी पत्र पोचेपर्यंत थांबते." तेव्हा मला माझीच लाज वाटली.

काय म्हणायचं ते म्हण. पण शाईला वाचव.

खटपट्या


३१ मार्च

पत्र मिळालं.

टोस्टचं रक्त जुळलं नाही. कार्ड जुळलं होतं, पण काचेवर मिसळलं तसे दूध नासल्यासारखे कण धरले. मी स्वतः बघितलं. हेच रक्त सहा तारखेला शाईच्या अंगात गेलं असतं.

ऑपरेशन पुढे ढकललं आहे. इथले आणखी दोन कुत्रे बघितले. तेही नाहीत.

बाकी मला आत्ता लिहिता येणार नाही.


३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. रागाव, हवी तितकी रागाव. पण आज मी काय केलं ते आधी ऐक.

दुकान बंद केलं आणि त्या गल्लीत गेलो. गॅरेज तिथंच आहे. तोच माणूस, आता केस पिकलेत. एका गाडीखाली झोपला होता, नुसते पाय बाहेर. मी पायांनाच म्हटलं, "पाच वर्षांपूर्वी तुमच्या कुत्र्यानं रक्त दिलं होतं..." तो सरकत बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काळी कुत्री ना? जगली का?"

ताई, मला भर रस्त्यात रडू आलं. पाच वर्षं त्या माणसाला माहीतच नव्हतं की ती जगली. दवाखान्यात म्हाताऱ्या डॉक्टरांना विचारायला गेला होता, तर त्यांनी सांगितलं, मालक घेऊन गेला. मालक म्हणजे मी. मी दोनशे पावलं चालून त्याला सांगितलं नाही.

म्हटलं, जगली. तुमच्यामुळे जगली. तो खाली वाकून बोल्टला म्हणाला, "ऐकलंस का रे?" बोल्ट आता म्हातारा झालाय, पोत्यावर पडलेला असतो.

मग मी त्याला सारं सांगितलं आणि आम्हाला दोघांना एकदमच सुचलं. बोल्टचं रक्त! एकदा चाललं, तर पुन्हा का चालणार नाही? त्याचं रक्त तिच्या ओळखीचं आहे. गॅरेजवाला म्हणाला, म्हातारा आहे, पण थोडं देईल. त्याच्या छोट्या टेम्पोतून उद्या निघायची तयारी आहे. डॉक्टरबाईंना तेवढं विचार आणि लगेच कळव. देव पावला बघ.

खटपट्या


६ एप्रिल

खटपट्या,

उंटावरचे शहाणे दोघं! तुझं पत्र डॉक्टरबाईंना दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. अरे, जगातल्या सगळ्या कुत्र्यांत एक बोल्टच नको. शाईच्या शरीरानं जी तयारी करून ठेवली आहे ती त्याच्याच रक्ताविरुद्ध. ओळखीचं आहे म्हणूनच तुटून पडेल. शिवाय रक्त देणारा एक ते आठ वर्षांचा हवा, पंचवीस किलोच्या वरचा, तब्येतीनं ठणठणीत, आणि त्यानं स्वतः कधी कुणाचं रक्त घेतलेलं नको. बोल्टनं आपलं काम केलंय. त्याला पोत्यावर झोपू दे.

त्या माणसाकडे दुसरे कुत्रे आहेत का विचार. दोन-तीन नमुने पाठव, मिसळून बघू. डॉक्टरबाई म्हणतात, गाठ वाढते आहे. बारा तारखेच्या पुढे थांबता येणार नाही.

आता माझं. पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. शाई बिचारी माझ्या मागं मागं फिरत होती, मी मोठ्यानं बोलत होते म्हणे. तिला वाटलं तिलाच रागावते आहे.

कडीचा राग नाही मला. कडी माणूस विसरतो. मी एकदा गॅस चालू ठेवून छापखान्यात गेले होते, तू लहान असताना. तुला आठवत नसेल, आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि ती गेलीसुद्धा. राग येतो तो पत्रांचा. पाच पत्रं लिहिली मी. एवढ्या मनापासून मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचे आभार मानले नाहीत. आणि तू ती एकट्यानं बसून वाचलीस, खोटी आहेत हे माहीत असून. मला किती मूर्ख केलंस! आणि स्वतःला किती छळलंस, गाढवा. भेटीला येईनास. मला वाटायचं, माझ्या बहिरेपणाला कंटाळला. मशीनसारखं ओरडून कोण बोलणार म्हणून येत नाही. ते जास्त लागलं होतं.

पण लिहिलंस. वेळेत लिहिलंस. टोस्टचं ते कण धरलेलं रक्त डोळ्यांपुढून हलत नाही.

नमुने पाठव.

ताई


९ एप्रिल, सकाळी

ताई,

पहाटे उठून गॅरेजवाल्याबरोबर इथल्या नव्या डॉक्टरांकडे गेलो. तीन कुत्र्यांचं रक्त घेतलं. थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात नळ्या ठेवल्यात. सहाच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, तो स्टँडवर डॉक्टरबाईंच्या माणसाला देईल. फोन करून ठेवलाय.

नळ्यांवर चिठ्ठ्या बर्फानं भिजतील म्हणून दुकानातले किल्ल्यांचे पत्र्याचे बिल्ले बांधलेत. एक नंबर वखारवाल्याची कुत्री. दोन नंबर शाळेच्या पहारेकऱ्याचा. तीन नंबर गॅरेजवाल्याचाच दुसरा कुत्रा, वॉशर. तो बोल्टच्या नात्यातला नाही, मी दोनदा विचारून घेतलं. रस्त्यावर सापडलेला आहे, दिसायला अगदीच बावळट. एक कान वर, एक खाली. डीईए वन तिघांतही नाही, तेवढं कार्ड इथंच बघितलं.

ड्रायव्हर दुपारी परत निघतो. उत्तर त्याच्याजवळ दे. मी स्टँडवर उभा असेन.

खटपट्या


९ एप्रिल, दुपारी

तीन नंबर!

काच चारदा बघितली. एकही कण नाही, पाण्यासारखं साफ. डॉक्टरबाईंनी मला मिठी मारली.

वॉशरला घेऊन ये. त्याच्या मालकालाही. आणि तू ये. मी ओरडून बोलणार आहे, तयारीनं ये.

ताई


२६ एप्रिल

खटपट्या,

तुम्ही गेल्यावर घर फार गप्प झालं. तसं मला काय, मला गोंगाटही ऐकू येत नाही, पण तरी कळतं.

टाके काढले. तपासणीचा कागद आला, गाठ साधी होती, वाईट काही नाही. जिवात जीव आला. काल शाईनं स्वतःचं खाऊन माझ्या ताटाकडे बघितलं, तेव्हा मला खरी खात्री पटली. आज सकाळी दूध उतू जायला लागलं आणि पदराला ओढ बसली. मी दूध तसंच जाऊ दिलं आणि तिथंच खाली बसले तिच्यापाशी. रडले खूप. शेगडी पुसायला नंतर अर्धा तास लागला.

बेकरीवाला रोज विचारतो. टोस्टचं रक्त उपयोगी पडलं नाही म्हणून बिचारा उगाच अपराध्यासारखा बोलतो. म्हटलं, बाबा, तुझ्या कुत्र्यानं हात पुढे केला, तेवढ्यानंच मी भरून पावले.

तू फाटकाला बसवून गेलेली कडी आपोआप लागते, हे तू मला सांगितलं नाहीस. परवा मी नुसती बाहेर वाकून बघायला गेले आणि बाहेरच अडकले. बेकरीवाल्यानं भिंतीवरून उडी मारून आतून उघडलं. शहाणपणा करायला सांगितलं की तू असा करतोस.

आता मुख्य गोष्ट. तू इथं असताना बोलायची होती. तू टेबलाशेजारी वॉशरचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतास, पिशवी भरेपर्यंत त्याच्या त्या खाली पडलेल्या कानात काहीतरी पुटपुटत होतास, तेव्हाच बोलावं असं वाटलं. पण मोठ्यानं बोलले असते तर डॉक्टरबाईंपासून सगळ्यांना ऐकू गेलं असतं, म्हणून लिहिते.

पाच वर्षं मी तुझे आभार मानले ते तू शाईला नीट सांभाळलंस म्हणून. ते चूकच होतं. तू काही नीट सांभाळलं नाहीस. पण ती रस्त्यात पडली होती तेव्हा तू तिला उचलून पळालास. सदरा भिजेपर्यंत छातीशी धरलंस. तू पळाला नसतास, तो माणूस रस्ता ओलांडून आला नसता आणि बोल्ट टेबलावर निमूट पडून राहिला नसता, तर माझी पुढची पाच वर्षं कुठली? रोज पदराला बसलेली एकेक ओढ तिथूनच आली. त्याचे आभार मी एकदाही मानले नाहीत. तू मानू दिले नाहीस. तेवढं तुझं चुकलं, आणि ते मी माफ केलं.

माझे आधीचे पाच कागद फाडून टाक. १४ मार्चला आता पत्र येणार नाही. फाटक उघडं राहिलं त्या दिवसाची तारीख मला कळव. यापुढे पत्र त्या तारखेला येईल.

सोबत दुसरा कागद आहे, तो गॅरेजवाल्यासाठी. उघडू नकोस.

तुझी ताई


३० एप्रिल

ताई,

दुसरा कागद आपणहून उघडला नाही, पण वाचला. माझा इलाज नव्हता. गॅरेजवाल्याचे दोन्ही हात इंजिनात होते. म्हणाला, "तुम्हीच वाचा, मोठ्यानं वाचा." मी वाचायला लागलो तशी त्यानं आधी मान हलवून मला थांबवलं आणि बोल्टला पोत्यासकट पायानं ओढून जवळ घेतलं. बोल्टलाही आता ऐकू येत नाही. तरी त्याच्यासमोरच वाचायला लावलं. "तुमच्या मुलानं माझ्या मुलीला" हे तू लिहिलंस तिथं पोचलो, तर वॉशरच भुंकला. मग पुढचं वाचलं. त्यानं हात पुसले, कागदाची घडी घातली आणि पान्यांच्या कपाटात सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवली. त्या कपाटाचं कुलूप मी काल बदलून दिलं.

आता मी रोज त्याच गल्लीतून जातो. दुकान तिथून सात मिनिटांवर आहे. लांबच्या रस्त्यानं वीस लागायची. तो गाडीखालूनच विचारतो, "कशी आहे?" मी म्हणतो, "बरी आहे." एवढंच बोलणं होतं, पण ते झाल्याशिवाय आता मला दुकान उघडवत नाही.

वहिनी म्हणते, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतो. कडी आतूनबाहेरून उघडेल अशी करून देतो. तोवर बाहेर वाकून बघू नकोस.

जुनी पत्रं फाडायला घेतली होती. फाडवली नाहीत. ठेवली आहेत, रागावू नकोस.

तारीख विचारलीस. बावीस जानेवारी. दुपारची वेळ. त्या तारखेला पत्र येऊ दे. मी "कशाला ताई" म्हणणार नाही.

तुझा,
खटपट्या